५१ मूळ का नाही? आधी विभाजक मोजू, नाव नंतर देऊ

तुम्ही लिहिलंय की मुलगी सहावीत आहे, मूळ संख्येची व्याख्या तिला तोंडपाठ आहे, तरी चाचणीत तिने ५१ आणि ९१ मूळ म्हणून लिहिल्या आणि २ ला मात्र संयुक्त म्हटलं. १ कोणत्या गटात घालायचा हे तिला कळत नाही आणि तुम्हालाही समजावता येत नाही. मोठी संख्या आली की कुठपर्यंत भाग देऊन पाहायचा, हा तुमचा पुढचा प्रश्न. आणि ‘हे शिकून करायचं काय?’ हा तिचा स्वतःचा. पंचवीसहून जास्त वर्षं मी याच वयाच्या मुलांना गणित शिकवते आहे. हे सगळे प्रश्न एकाच ठिकाणी सुटतात असा माझा अनुभव आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी तिच्या चुकीबद्दल. ५१ ला मूळ म्हणणारं मूल धांदरट नसतं. त्याला ‘का?’ असं विचारा, उत्तर हमखास एकच येतं: ‘ही पाढ्यात येत नाही.’ आणि ते खरंच असतं. दोन ते दहाचे पाढे डोळ्यांसमोर आणा. ५१ कुठेच दिसत नाही, कारण तीनचा पाढा आपण तीन दाहे तीसवर थांबवतो. सतराचा पाढा पाठ असलेलं मूल ‘सतरा त्रिक एकावन्न’ म्हणून पटकन ओळखतं. ज्याचा नाही ते ५१ ला मूळ म्हणून मोकळं होतं. ५७ चं तेच, ८७ चंही तेच. म्हणजे तिने विचार केला होता, फक्त तिच्या हातातली पट्टी आखूड होती.

व्याख्येची अडचण अशी की ती ‘नाही’वर उभी आहे. ‘१ आणि ती संख्या यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने जिला भाग जात नाही ती मूळ संख्या.’ आता ‘कोणत्याही संख्येने जात नाही’ हे दहा-अकरा वर्षांच्या मुलीने तपासायचं कसं? नसलेली गोष्ट शोधायला तिला सांगितलेलं असतं. मग ती आठवतील तेवढे पाढे चाळते आणि निकाल देऊन टाकते. सुरुवातीची काही वर्षं मीही आधी व्याख्या लिहून द्यायचे आणि मग उदाहरणं. नंतर मी क्रम उलटा केला. आता पहिले दोन तास ‘मूळ’ हा शब्द वर्गात उच्चारायचाच नाही, असं मी स्वतःशी ठरवलेलं असतं. फक्त विभाजक लिहायचे.

१२ चे विभाजक: १, २, ३, ४, ६, १२. सहा झाले. ७ चे: १ आणि ७. दोनच. ९ चे: १, ३, ९. १० चे चार, ११ चे दोन. एक ते तीसपर्यंतच्या प्रत्येक संख्येपुढे तिचे विभाजक आणि त्यापुढे त्यांची गिनती, एवढंच वहीत लिहायला लावा. पान भरलं की मुलांच्याच लक्षात येतं की काही संख्यांपुढे सारखा २ हाच आकडा येतोय. तेव्हा सांगायचं: ज्यांचे नेमके दोन विभाजक आहेत त्यांना मूळ संख्या म्हणतात, दोनपेक्षा जास्त असतील तर संयुक्त. अशा वेळी नाव मोजणीच्या पाठोपाठ येतं. २ संयुक्त असल्याचा गैरसमज इथेच गळून पडतो. तिचे विभाजक १ आणि २, दोनच. सम असण्याशी त्याचा संबंध नाही. बाकी प्रत्येक समसंख्येच्या यादीत १ आणि ती स्वतः यांच्या जोडीला २ हा तिसरा पाहुणा येतो, म्हणून त्या संयुक्त ठरतात. आणि ९, १५, २१ विषम असून संयुक्त आहेत हेही त्याच पानावर दिसतं.

एक गोष्ट वाटेतच तपासून घ्या. ‘१२ चे विभाजक सांग’ म्हटल्यावर ती २४, ३६ असं सांगते का? तसं असेल तर तिच्या डोक्यात विभाजक आणि विभाज्य या शब्दांची अदलाबदल झालेली आहे आणि ती दुरुस्त होईपर्यंत पुढचं काही शिकवण्यात अर्थ नाही. ‘१२ ला ३ ने भाग जातो’ या वाक्यात भाग देणारा ३ हा विभाजक, ज्याला भाग जातो तो १२ हा विभाज्य. विभाजक संख्येपेक्षा मोठा कधीच नसतो, त्यामुळे यादी कुठेतरी संपते. विभाज्यांची यादी संपत नाही. दोन्ही शब्द ऐकायला इतके जवळचे आहेत की चांगल्या मुलांचाही यात गोंधळ होतो.

आता मुख्य गोष्ट. विभाजक कधीही एकेकटे येत नाहीत, जोडीने येतात. १२ ला ३ ने भाग दिला की भागाकार ४ येतो, म्हणजे ३ सापडल्याबरोबर ४ फुकट मिळाला. १ बरोबर १२, २ बरोबर ६, ३ बरोबर ४. ही जोडी डोळ्यांना दिसावी म्हणून मी सोंगट्या किंवा चौकटीचा कागद वापरते. बारा सोंगट्या घ्यायच्या आणि प्रत्येक रांगेत सारख्याच सोंगट्या येतील असा भरीव आयत मांडायचा. बाराची एक लांब रांग होते, सहा-सहाच्या दोन रांगा होतात, चार-चारच्या तीन रांगा होतात. सात सोंगट्या घेतल्या तर एका लांबलचक रांगेशिवाय दुसरा आयतच होत नाही. मूळ संख्या म्हणजे १ सोडून जिचा एकच आयत होतो ती, हे मुलांना जितकं पटकन उमजतं तितकं व्याख्येने कधी उमजलेलं मी पाहिलेलं नाही.

९१ ची एक आठवण सांगते, कारण तुमच्या मुलीने नेमकी तीच संख्या लिहिली आहे. एक मुलगा ९१ मूळच आहे यावर अडून बसला होता. मी उत्तर दिलं नाही. चौकटीचा कागद दिला आणि ९१ ठिपक्यांचा आयत करून बघ म्हटलं. दोन-दोनच्या रांगा केल्या, एक ठिपका उरला. तीन-तीनच्या तीस रांगा, पुन्हा एक उरला. चारच्या रांगांत तीन उरले. पाचच्या केल्या, एक उरला. सहाच्या पंधरा रांगा, परत एकच उरला. तोपर्यंत त्याची खात्री पक्की होत चालली होती. मग त्याने सात-सातच्या रांगा मांडायला घेतल्या. तेरावी रांग संपली आणि ठिपके संपले. काही उरलं नाही. त्याने शेवटची रांग दोनदा मोजली. नंतर बराच वेळ तो कागदाकडे बघत बसला आणि मग म्हणाला, ‘पण आधी सारखा एकच का उरत होता?’

मला तो प्रश्न फार आवडला. उत्तर असं की ९१ च्या आधीची संख्या ९० आहे, आणि ९० ला २, ३, ५, ६, ९, १० या सगळ्यांनी भाग जातो. म्हणून ९१ ला यातल्या कशानेही भागलं तरी एक उरणारच. ९१ मूळ असल्यासारखी भासते ती तिच्या शेजारणीमुळे! हा ‘एक उरण्याचा’ प्रकार लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

आता ‘कुठपर्यंत भाग देऊन पाहायचं’ याचं उत्तर. जोड्या नीट मांडल्या की ते आपोआप मिळतं. ३६ च्या जोड्या लिहू: १ आणि ३६, २ आणि १८, ३ आणि १२, ४ आणि ९, ६ आणि ६. डावीकडचा आकडा वाढतोय, उजवीकडचा कमी होतोय, आणि ६ पाशी दोघांची गाठ पडते. त्यापुढे गेलं की ९ आणि ४, १२ आणि ३ अशा त्याच जोड्या उलट्या होऊन येतात. म्हणजे प्रत्येक जोडीतला लहान विभाजक वर्गमुळाच्या अलीकडे किंवा फार तर वर्गमुळावर असतो. दोघेही वर्गमुळापेक्षा मोठे असते तर त्यांचा गुणाकार मूळच्या संख्येपेक्षा मोठा झाला असता. म्हणून वर्गमुळापर्यंत विभाजक सापडला नाही, तर पलीकडे शोधायला जायचं कारण उरत नाही.

दुसरी सवलत. ६ ने भाग जात असेल तर २ ने आधीच गेलेला असतो. १५ ने जात असेल तर ३ ने गेलेला असतो. एखाद्या संख्येचा १ सोडून सर्वांत लहान विभाजक नेहमी मूळच असतो. कारण तो संयुक्त असता तर त्याला स्वतःला त्याहून लहान विभाजक असता, त्याने दिलेल्या संख्येलाही भाग गेला असता, आणि मग हा सर्वांत लहान राहिलाच नसता. हे दोन-तीन वाक्यांचं कारण मुलीला तिच्या शब्दांत सांगायला लावा. सहावीच्या मुलांना ते जमतं. मग तपासणी फक्त वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनीच करायची.

९७ घेऊ. १० चा वर्ग १००, म्हणजे वर्गमूळ १० च्या आत. तपासायचे फक्त २, ३, ५, ७. चौघांनीही भाग जात नाही, ९७ मूळ. २२१ घेऊ: १५ चा वर्ग २२५, म्हणून १३ पर्यंत जायचं. २, ३, ५, ७, ११ ने भाग जात नाही, आणि तेराला पोचल्यावर तेरा सतरे २२१ सापडतं. ११ वरच कंटाळून थांबणारी मुलं इथे फसतात. तिची शेजारीण २२३ मात्र १३ लाही पुरून उरते आणि मूळ ठरते. सहाच भागाकार करून आपण एवढ्या मोठ्या संख्येबद्दल ठामपणे बोलू शकतो, हे लक्षात आलं की मुलांची भीती बरीच कमी होते.

शंभरपर्यंतच्या मूळ संख्यांसाठी इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या एरॅटोस्थेनिसची चाळणी तिच्याकडून जरूर करून घ्या, पण एक गोष्ट नीट पाहत करायची. १ ते १०० लिहायचे, १ बाजूला ठेवायचा, २ ठेवून त्याचे बाकीचे विभाज्य खोडायचे, मग ३ चे, ५ चे, ७ चे. बहुतेक ठिकाणी मुलं यांत्रिकपणे खोडत जातात आणि शेवटी पंचवीस संख्या उरतात, त्या पाठ करतात. मी दर टप्प्याला थांबवते आणि विचारते, ‘या खेपेला नव्याने किती खोडले?’ २ च्या वेळी एकोणपन्नास. ३ च्या वेळी सोळा, कारण तीनचे सम विभाज्य आधीच गेलेले असतात. ५ च्या वेळी सहा: २५, ३५, ५५, ६५, ८५, ९५. आणि ७ च्या वेळी? फक्त तीन: ४९, ७७, ९१.

हे तीन आकडे बघा आणि जरा थांबा. याचा अर्थ असा की शंभरच्या आतली संख्या २, ३, ५ च्या कसोटीतून पार पडली, म्हणजे सम नाही, शेवटी ५ नाही, अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जात नाही, तर ती मूळ असते. अपवाद फक्त या तीन संख्या, आणि अर्थात १. त्यातली ४९ सात साते म्हणून पाठ असते, ७७ बघताक्षणीच सातची वाटते. उरली एकटी ९१: तेरा साते एक्क्याण्णव. शंभरच्या आत फसवी संख्या म्हणायची तर ही एकच. ५१, ५७, ८७ या फसव्या वाटतात, पण अंकांची बेरीज केली की लगेच पकडल्या जातात: ५ आणि १ सहा, ५ आणि ७ बारा, ८ आणि ७ पंधरा. पंचवीस संख्या पाठ करण्यापेक्षा हे लक्षात ठेवणं कितीतरी सोपं आहे.

आता १ बद्दल. मोजणीतून बघितलं तर वाद शिल्लकच राहत नाही. १ चे विभाजक लिहा: १. संपले. दोन नाहीत, दोनपेक्षा जास्तही नाहीत. म्हणून ती मूळही नाही आणि संयुक्तही नाही. पण ‘नियमात बसत नाही म्हणून बाहेर’ एवढ्याने चौकस मुलाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. पूर्वी काही गणिती १ ला मूळ संख्यांत धरतही असत. गोल्डबाख यांनी १७४२ साली ऑयलर यांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात १ मूळ धरला आहे, आणि डेरिक नॉर्मन लेमर यांचा १९१४ सालचा मूळ संख्यांचा तक्ताही १ पासूनच सुरू होतो. मग १ ला बाहेर का काढलं?

कारण असं. कोणतीही संयुक्त संख्या मूळ अवयवांच्या गुणाकारात मांडता येते, आणि ती एकाच प्रकारे येते. ६० घ्या. एक मुलगा ६ गुणिले १० पासून सुरुवात करेल, दुसरी ४ गुणिले १५ पासून. वाटा वेगळ्या, पण शेवटी दोघांच्या वहीत तेच येतं: २ × २ × ३ × ५. ‘मूळ’ हा शब्द इथे शोभतो. बाकीच्या संख्या या मुळांतून वाढतात. आता १ ला मूळ म्हटलं तर ६० हे १ × २ × २ × ३ × ५ असंही लिहिता येईल, १ × १ × २ × २ × ३ × ५ असंही, आणि हे कुठे थांबणारच नाही. ‘एकाच प्रकारे’ हे सुंदर विधान पार मोडून पडेल. १ ने गुणून संख्येत काहीच भर पडत नाही, म्हणून ती घडवणाऱ्यांच्या यादीत तिला जागा नाही. शून्याचं विचारलं तर तेही सांगा: शून्याला प्रत्येक नैसर्गिक संख्येने भाग जातो, म्हणजे विभाजकांची यादी कधी संपतच नाही. त्यामुळे शून्यही या वर्गीकरणात येत नाही.

‘मूळ’ या शब्दाने मराठीत थोडा घोटाळाही होतो, तेवढा सांभाळा. वर्गमूळ वेगळं, मूळ संख्या वेगळी. सहमूळ संख्या तर आणखी वेगळ्या. ८ आणि ९ सहमूळ आहेत, पण दोघींतली एकही मूळ नाही. त्यांचा सामाईक विभाजक १ सोडून दुसरा नाही, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही संख्यांच्या विभाजकांच्या याद्या शेजारी ठेवल्या की हे सांगावंही लागत नाही.

मूळ अवयव हाती आले की विभाजक न लिहिताच मोजता येतात, आणि हा भाग मला या सगळ्या धड्यात सर्वांत सुंदर वाटतो. ७२ म्हणजे २ × २ × २ × ३ × ३. तिचा कोणताही विभाजक यातलेच काही २ आणि काही ३ घेऊन बनतो. २ किती घ्यायचे? एकही नाही, एक, दोन किंवा तीन: चार पर्याय. ३ किती घ्यायचे? एकही नाही, एक किंवा दोन: तीन पर्याय. चार त्रिक बारा, म्हणून ७२ चे बारा विभाजक. एकही २ नाही आणि एकही ३ नाही, असं निवडलं तर १ मिळतो. सगळे घेतले तर ७२. लिहून बघा: १, २, ३, ४, ६, ८, ९, १२, १८, २४, ३६, ७२. बरोबर बारा. शंभरच्या आत बारापेक्षा जास्त विभाजक कुणालाच नाहीत, आणि बारा असणाऱ्या पाच संख्या आहेत: ६०, ७२, ८४, ९० आणि ९६. तासाची मिनिटं साठ, ही परंपरा बॅबिलोनियातल्या साठाच्या मोजणीतून आली आहे, आणि साठाची सोय कशात आहे हे तिच्या विभाजकांत दिसतं. अर्धा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, दहावा, बारावा हिस्सा, सगळे पूर्ण मिनिटांत येतात. वर्तुळाचे अंश ३६०, तिचे विभाजक चोवीस. आपल्याहून लहान कोणत्याही संख्येपेक्षा जिचे विभाजक जास्त, अशा संख्यांवर रामानुजन यांनी १९१५ साली एक मोठा शोधनिबंध लिहिला. २, ४, ६, १२, २४, ३६, ४८, ६०, १२० अशी ती ओळ जाते. मूळ संख्या एका टोकाला आणि या दुसऱ्या टोकाला.

वर ३६ च्या जोड्यांमध्ये ६ ची जोडी ६ शीच लागली, ते आठवतंय ना? त्यामुळे ३६ चे विभाजक नऊ, म्हणजे विषम. विभाजकांची संख्या विषम येते ती फक्त पूर्ण वर्गांचीच. यावर एक खेळ आहे, तो घरीही कागदावर खेळता येतो. ओळीने शंभर दिवे, सगळे बंद. पहिला मुलगा प्रत्येक दिव्याचं बटण दाबतो, दुसरा २, ४, ६ असं दर दुसऱ्या दिव्याचं, तिसरा दर तिसऱ्या दिव्याचं, असं शंभराव्या मुलापर्यंत. शेवटी कोणते दिवे पेटलेले राहतील? बाराव्या दिव्याचं बटण कोण कोण दाबतो ते बघा: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, सहावा, बारावा. म्हणजे १२ चे विभाजकच! सहा वेळा दाबलं, दिवा बंद. विषम वेळा दाबलेले दिवे पेटते राहतील: १, ४, ९, १६ पासून १०० पर्यंत, बरोबर दहा.

आता तिचा शेवटचा प्रश्न, करायचं काय. लहान उत्तर: अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देणं, मसावि, लसावि, हे सगळं मूळ अवयवांवर चालतं. मोठं उत्तर मात्र तिला जरूर सांगा, कारण ते ऐकताना मुलांचे डोळे चमकतात.

पहिलं म्हणजे मूळ संख्या संपत नाहीत. युक्लिडने हे इ.स.पू. ३०० च्या सुमारास दाखवलं, आणि युक्ती तीच, एक उरण्याची. समजा मूळ संख्या २, ३, ५, ७, ११, १३ एवढ्याच आहेत. त्यांचा गुणाकार ३०,०३०. त्यात १ मिळवला की ३०,०३१. हिला या सहांपैकी कुणीही भागलं तरी एक उरणार. पण हिलाही १ सोडून सर्वांत लहान असा एक विभाजक आहेच आणि तो मूळ असतो. म्हणजे यादीबाहेरची एक तरी मूळ संख्या सापडलीच. इथे पुष्कळ जण एक घाई करतात आणि ३०,०३१ हीच मूळ आहे असं समजतात. तशी ती नाही, ५९ × ५०९ आहे. ५९ आणि ५०९ दोन्ही मूळ, दोन्ही यादीबाहेरच्या. ९१ ची ही मोठी बहीण म्हणा.

दुसरं म्हणजे, एखादी संख्या संयुक्त आहे हे कळणं आणि तिचे विभाजक सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २ चा ६७ वा घात वजा १ ही एकवीस अंकी संख्या मर्सेन यांनी १६४४ साली मूळ म्हणून सांगितली होती. १८७६ साली ल्युका यांनी ती संयुक्त असल्याचं सिद्ध केलं, पण एकही विभाजक हाती न येता! विभाजकांची जोडी सापडायला १९०३ साल उजाडावं लागलं. फ्रँक नेल्सन कोल यांनी ती दाखवली: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. संख्या मूळ आहे की नाही हे कोणत्याही मोठ्या संख्येबाबत संगणकाला तुलनेने झटपट आणि खात्रीने ठरवता येतं, हे २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं. पण विभाजक शोधण्याची तशी झटपट रीत साध्या संगणकांसाठी अजून कुणाला सापडलेली नाही. याच फरकावर रिव्हेस्ट, शामिर आणि ॲडलमन यांनी १९७७ साली गुप्त संदेशांची पद्धत उभारली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा आणि त्या दोन संख्या स्वतःजवळ ठेवायच्या. त्या वर्षी आव्हान म्हणून जाहीर केलेल्या १२९ अंकी संख्येचे विभाजक सापडायला १९९४ साल आलं. इंटरनेटवर पैशांचे व्यवहार सुरक्षित ठेवण्यासाठी ही पद्धत सर्रास वापरली गेली आहे. ९१ च्या बाबतीत मुलीला जे पाच मिनिटं सुचलं नाही, तेच शेकडो अंकांच्या संख्येबाबत संगणकाला वर्षानुवर्षं सुचत नाही, आणि ते न सुचणं हेच तिथलं कुलूप आहे.

आता घरी काय करायचं ते. रोज पंधरा मिनिटं पुरे. आधी १ ते ३० चं विभाजकांचं पान, जोड्यांसकट, मग चाळणी, मग २०० ते ३०० मधल्या चार-पाच संख्यांची वर्गमुळापर्यंत तपासणी. ‘ही मूळ आहे का?’ हा प्रश्न तेवढे दिवस विचारू नका. ‘हिच्या जोड्या दाखव’ म्हणा. आणि पान पूर्ण झालं की एकच प्रश्न द्या: १ ते १०० मध्ये नेमके तीन विभाजक असलेल्या संख्या किती? बरोबर उत्तर चार, ४, ९, २५ आणि ४९. तिने दहा सांगितलं तर समजा की वर्ग म्हटला की तीन विभाजक, असं ती धरून चालली आहे. अशा वेळी चूक सांगू नका, ३६ च्या पाच जोड्या तिच्याकडून पुन्हा लिहून घ्या. तिने चार सांगितलं, आणि १६ का नाही याचं कारणही सांगता आलं, तर ५१ च्या वाटेला ती पुन्हा जाणार नाही.